इस्रायलचं घर पाहायला

आमच्या घराण्यात कुठल्याही मुलीचं लग्न ठरायच्या आधी मुलाचं घर पाहायला मला नेतात. मुलगा पाहायला बाकीचे खूप असतात. नाना, म्हणजे माझा मोठा भाऊ, असोद्याला केळी आणि कापूस करतो. तो सगळ्यांना सांगतो, "याले न्या. याचा सोताच्या सावलीवरबी इस्वास नाही." हे तो कौतुकाने म्हणतो की वैतागून, हे मला साठी ओलांडली तरी कळलेलं नाही.

माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. साखळी ओढत, मग यंत्र घेऊन, लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजायच्या. बांधाच्या अलीकडचा एक सांगतो, पलीकडचा दुसरंच सांगतो, आणि दोघंही देवाची शपथ घेतात. असं आयुष्य काढलेल्या माणसाला शंका घ्यायला शिकवावं लागत नाही. घर पाहायला गेलो की सगळे बैठकीत बसतात आणि मी हात धुवायला म्हणून मागे जातो. मोरी कशी आहे, घरातल्या बायका दाराआड का उभ्या आहेत, म्हातारीचं अंथरूण कुठे आहे, हे बघून घेतो. मग सुपारी आणायच्या निमित्ताने बाहेर पडून शेजाऱ्याला गाठतो.

आणखी एक रीत आमच्याकडे काटेकोर पाळतात. पाहायला गेलेल्या घरी चहा घ्यायचा, पण गोड खायचं नाही. पेढा हातात ठेवला तर तो रुमालात बांधून खिशात टाकायचा. तोंड गोड केलं म्हणजे घर पसंत पडलं.

गेल्या वर्षी नानाच्या मुलीने इस्रायलला जायचं काढलं. ती धुळ्याला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, तिशी ओलांडलेली, लग्न झालेलं नाही. तिथे एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी राहून त्याची देखभाल करायची, असं ते काम. धुळ्यातल्या एका एजंटने तिचे कागद केले होते. वहिनींनी आधी रडून पाहिलं, मग अबोला धरून पाहिला. मुलगी दोन्हींना बधली नाही. शेवटी नाना म्हणाला की तू जाशील, पण मी हो म्हटल्यावर. आणि तिने ते कबूल केलं. आता सगळं नानाच्या हो-नाहीवर येऊन अडलं.

तेवढ्यात जळगावात इस्रायलच्या सिनेमांचा महोत्सव लागला. निवृत्तीनंतर मी इथल्या एका फिल्म सोसायटीचा सभासद झालो आहे. तीन दिवस, एका कॉलेजच्या सभागृहात, कथापट आणि माहितीपट. पत्रक हातात आलं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दरवर्षी आम्ही इराण, फ्रान्स, जपान असलं काहीतरी बघतो. नेमकं याच वर्षी इस्रायल कसं सुचलं? तिकडे लढाई चाललेली, मजुरांची गरज पडलेली, आणि इकडे एजंट गावोगाव हिंडत असताना त्याच देशाचे सिनेमे? मी चिटणीसांना विचारलं, याला कुणाचा हातभार आहे का? ते म्हणाले, "अहो, दोन वर्षांपासून ठरलेलं होतं." माझी शंका आणखी वाढली.

मी नुसती शंका घेऊन बसणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने धुळ्याला गेलो. एजंटच्या ऑफिसात न शिरता समोरच्या चहाच्या गाडीवर बसलो. चहावाल्याला विचारलं, ऑफिस कसं आहे? तो म्हणाला, "शे ना ऑफिस. बठ्ठा पोरे-पोरी येतस, फाईल दखाडतस, जातस. आजलोंग कोनी रडत निंघनं नही." मी विचारलं, हसत कोणी निघालं का? त्याने दुधाचं पातेलं ढवळलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. महोत्सवाचा एकही कागद त्या ऑफिसच्या भिंतीवर दिसला नाही. एवढी काळजी घेतात म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं मनाशी म्हणत मी परत आलो.

नाना स्वतःच म्हणाला, "तू त्या सिनेमाच्या मंडयात जातो ना? तठी त्याईचे सिनेमे दाखवून राह्यले म्हने. मले ने."

मी म्हणालो, नाना, सिनेमा वेगळा, खरं वेगळं.

"पोरीले पाठवाचं म्हनते तं घर नको पाह्याले? तठी जाऊन पाहू शकत नाही. मंग अठी पाहू."

 खरं सांगायचं तर मला ते पटलं.

पहिल्या दिवशी सभागृहाच्या दारात एक कॉलेजची मुलगी हातात कागद धरून उभी होती. या लढाईत ज्यांची घरं पडली त्यांचे सिनेमे कधी दाखवणार, असं त्यावर लिहिलेलं. शेजारी एक पोलीस. आत जाणारे तिच्याकडे न बघता जात होते. मी थांबून विचारलं, तुला कुणी पाठवलं? ती म्हणाली, "तुम्हाला कुणी पाठवलं?" मला तिचा राग आला. पण प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून मी निमूट आत गेलो.

सभागृह भरलेलं बघून चिटणीस हरखले होते. मला मात्र पहिल्या रांगेपासून ओळखीचे चेहरे दिसायला लागले. असोद्याचे, भादलीचे, सगळे केळीवाले. एकदोघांनी वही-पेन आणलेलं. आमच्याकडे इस्रायल म्हटलं की लोकांना ठिबक आठवतं, दुसरं काही नाही. पत्रकावर 'इस्रायलचे माहितीपट' वाचून सगळे निघून आले होते. सुरुवातीला सगळ्यांना एकेक पेढा वाटला. केळीवाल्यांनी तो तोंडात टाकला. नानाने रुमाल काढला, पेढा त्यात ठेवला, चारी टोकं बांधली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला. मीही माझा खिशात टाकला. वाटणाऱ्या बाईंनी विचारलं, मधुमेह आहे का? नाना म्हणाला, "अजून पाह्यलं नाही घर." बाई हसून पुढे गेल्या.

सिनेमा एका भावा-बहिणीचा होता. आई वारलेली, तिचं घर विकायचं की ठेवायचं यावरून भांडण. तासभर झाला तरी शेताचा पत्ता नाही. मागून एकाने विचारलं, "नळ्या कव्हा दाखवतीन?" त्यानंतर माणसं एकेक करून उठली आणि सभागृह निम्मं झालं.

आम्ही दोघं बसलो. घर पाहताना यजमानाच्या तोंडाकडे बघायचं नसतं, तो त्या दिवशी चांगलंच बोलतो. मी भावा-बहिणीकडे बघतच नव्हतो. मी नळ बघितला, जेवणाचं टेबल चौघांचं आहे हे बघितलं. मागे एक माणूस सामान वाहून नेत होता. तो तीनदा दिसला, कपाट उचलून जिना उतरला, आणि अख्ख्या सिनेमात त्याच्या तोंडी एक शब्द नव्हता. तो कुठला, कुठे राहतो, काही सांगितलं नाही. ज्या घरात गडी तोंड उघडत नाही त्या घराबद्दल मी कधीच चांगलं मत दिलेलं नाही. दारातल्या मुलीचा कागद मला तेव्हा आठवला.

खाली इंग्रजी अक्षरं येत होती. नानाला इंग्रजी येत नाही, म्हणून मी त्याच्या कानाशी लागून सांगत होतो. तो मधूनच स्वतःचं नोंदवायचा. "घरात चपला काढत नाहीत." पुन्हा थोड्या वेळाने, "भाऊ बहिनीवर वरडते. पन तीबी वरडते. हे बरं हाये."

तिसऱ्या दिवशी जो माहितीपट होता तो खरा आमच्या कामाचा. एका नातीने आपल्या आजीच्या घरात केलेला, आजीवर आणि तिची देखभाल करणाऱ्या बाईवर. त्या दिवशी पुतणी धुळ्याहून आली. रात्रपाळी करून, एसटीत पारोळ्यापर्यंत उभी राहून. नानाच्या एका बाजूला मी बसलो, दुसऱ्या बाजूला ती.

पडद्यावर छोटं घर. म्हातारी चाकाच्या खुर्चीत. देखभाल करणारी बाई पूर्वेकडच्या कुठल्यातरी डोंगराळ देशातली, आमच्या पुतणीच्याच वयाची वाटत होती. ती म्हातारीला आंघोळ घालते, नखं कापते, तिच्यावर चिडते, पुन्हा समजावते. मी जेवणाची वाट बघत होतो. कारण माणूस कुठे बसून जेवतो त्यावरून त्या घराची पारख होते. दोघी एकाच टेबलावर जेवल्या. पण त्या बाईचा कप वेगळा होता. पितळी, बाकीच्या कपांत न ठेवता खिडकीत उपडा घातलेला. मी लगेच नानाच्या कानात म्हणालो, "कप वेगळा ठेवलाय." नानाने मान हलवली.

पुतणी वाकून म्हणाली, "तिने घरून आणलेला असेल. माझाही वेगळाच आहे धुळ्याला."

मी तिकडे दुर्लक्ष केलं.

मग हल्ल्याचा भोंगा वाजला. सिनेमातला, पण सभागृहात सगळ्यांनी अंग चोरलं. त्या बाईने हातातलं टाकून खुर्ची ढकलत आसऱ्यासाठी बांधलेल्या एका खोलीत नेली. जाड लोखंडी दार. ती बाई झोपायची ते तिथेच, तिचं अंथरूण मी ओळखलं. दार बंद झालं. पडदा कितीतरी वेळ नुसतं ते बंद दार दाखवत राहिला, आणि आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. नानाने माझं मनगट धरलं.

म्हातारीने आत काहीतरी विचारलं असावं. त्या बाईचं उत्तर खाली उमटलं. पहिल्या वर्षी वाटायचं की इथे येऊन चूक केली, आता तसं वाटत नाही.

नानाने विचारलं, "काय म्हनते?"

मी म्हणालो, "म्हणते, इथे येऊन चूक केली."

हे मी मुद्दाम केलं. जीभ घसरली वगैरे काही नाही. त्या दारामागे मला आमचीच मुलगी बसलेली दिसत होती आणि नानाच्या तोंडून 'नाही' यावं एवढंच मला हवं होतं. खोलीचं दार नंतर उघडलं तेव्हा आतल्या बाजूला क्षणभर मोठी मूठ दिसली, आतून फिरवायची. तेही मी सांगितलं नाही.

सिनेमा संपला. बाहेर कॉलेजच्या कँटीनमध्ये आम्ही तिघं बसलो. नाना हात-तोंड धुवायला नळावर गेला. पुतणी आणि मी समोरासमोर. तिने चहात बिस्किट बुडवलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही अर्धंच सांगितलंत नानांना."

मी म्हणालो, "अक्षरं फार पटकन जात होती."

"भडगावच्या घरात कुलूप लावलेली खोली होती ना, तिच्यात कापूस होता."

मी कप खाली ठेवला. भडगावचं घर म्हणजे सहा वर्षांपूर्वी हिच्याच लग्नासाठी पाहिलेलं. मुलगा चांगला होता, शिक्षक होता. मी हात धुवायला मागे गेलो तर एका खोलीला बाहेरून कडी आणि कडीला कुलूप. मी सुपारीच्या निमित्ताने शेजाऱ्याकडे गेलो. शेजारी म्हणाला, मुलाचा मोठा भाऊ वेडा आहे, त्याला कोंडून ठेवतात. मी तेच नानाला सांगितलं आणि आम्ही पेढे खिशात घालून निघून आलो. कारणसुद्धा कळवलं नाही.

पुढच्या वर्षी मोजणीच्या कामाने मी भडगावला गेलो. त्याच शेजाऱ्याच्या बांधाचा वाद होता, आणि तो ह्याच घराशी. त्या दिवशी खोलीचं दार सताड उघडं होतं. आत छतापर्यंत कापूस, भाव यायची वाट बघत ठेवलेला. विडीकाडीची ठिणगी पडू नये म्हणून कुलूप. मोठा भाऊ माझ्यासाठी पाणी घेऊन आला, माझ्यासारखाच शहाणा. बांधाचा शेजारी शेजाऱ्याबद्दल खरं बोलत नाही, हे ज्याने जन्मभर पाहिलं त्याने तेवढ्या एकाच दिवशी विश्वास ठेवला होता. मुलाचं तोवर लग्न झालेलं. मी मोजणी केली आणि घरी येऊन कुणालाही काही बोललो नाही.

मी पुतणीला विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"त्यांची आई आमच्या दवाखान्यात होती. चार वर्षं झाली. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. मी केस विंचरत होते तिचे, तेव्हा सांगत होती, त्या साली एक खोली कापसाने भरून कुलूप लावलेली, तेव्हा असोद्याचे पाहुणे येऊन गेले, काही न सांगता. मग मलाच विचारलं, आमच्यात काय खोट दिसली असेल गं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? वेणी घातली."

मला तोंड वर करवेना. चार वर्षं ही दिवाळीला येऊन माझ्या पाया पडत होती. मी म्हणालो, "तिथे लढाई आहे गं. मला भीती वाटते."

"मलाही वाटते. पण मग भीती वाटते असं सांगा ना नानांना. त्या बाईचं नाव कशाला पुढे करता?"

नाना रुमालाने तोंड पुसत आला. पहिल्या दिवशीचा पेढा त्याने जाण्याआधीच रुमालातून सोडून टेबलावर ठेवला होता. बसला आणि मला म्हणाला, "आता सांग. त्या दाराची कडी कोन्या अंगाची होती?"

सहा वर्षांपूर्वी भडगावहून येताना गाडीत त्याने मला हाच प्रश्न विचारला होता, याच शब्दांत. पुतणी माझ्याकडे बघत नव्हती. कपाच्या कानाशी चाळा करत होती.

मी म्हणालो, "आतून. आणि ती बाई म्हणाली, पहिल्या वर्षी चूक वाटली, आता वाटत नाही. मी तुला अर्धं सांगितलं." नाना ऐकत होता. मग मी भडगावचंही सांगितलं, कापसाचं, उघड्या दाराचं, पाणी घेऊन आलेल्या भावाचं. सांगायला फार वेळ लागला नाही. पाच वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते चहा निवायच्या आत सांगून झालं.

नानाने मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. त्याने मुलीकडे बघून विचारलं, "तुले माहीत होतं?"

तिने मानेनेच हो म्हटलं.

तीन दिवसांचा पेढा कडक झाला होता. नानाने तो अंगठ्याने दाबून फोडला, एक तुकडा तिच्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. "तोंड गोड कर," एवढंच म्हणाला. ती तो चावताना रडत होती. टेबलावर उरलेला चुरा नानाने रुमालात गोळा केला, घरी वहिनींसाठी. माझा पेढा माझ्या खिशात होता, पण तो बाहेर काढायचा मला धीर झाला नाही. मग नाना उठला, तिला बसस्टँडवर सोडायला म्हणून निघाला. मला चल म्हणाला नाही.

ती इस्रायलला गेली. त्यानंतर आमच्या घराण्यात एक लग्न ठरलं, घर पाहायला नाना आणि वहिनी जाऊन आले. मला नंतर कळलं.

ती शनिवारी नानाला फोन करते, व्हिडिओचा. एक शनिवार असा आला की नाना जळगावात काही कामाला आलेला आणि माझ्याकडे बसलेला, कितीतरी महिन्यांनी. तिने घर दाखवलं, स्वयंपाकघर, खिडकी, खुर्चीत बसलेली तिची म्हातारी, तिने आमच्याकडे बघून हात हलवला. खिडकीत एक स्टीलचा पेला उपडा होता, आमच्या असोद्याच्या घरातला. मग पुतणी म्हणाली, "काका, माझ्या खोलीचं दार दाखवू?"

मी म्हणालो, "नको. राहू दे. तू म्हणतेस ना चांगलं आहे."

नाना माझ्याकडे बघायला लागला. सबंध जन्मात मी न बघता कुठल्याही घराला चांगलं म्हटलेलं नव्हतं.

फोन ठेवला आणि लगेच माझ्या मनात आलं, हिने आपणहून का विचारलं? दार दाखवू का, असं कुणी उगीच विचारतं? काही झालं असेल का त्या दाराला? भोंगा वाजून गेला असेल का आदल्या दिवशी, आणि ती सांगत नसेल? नाना समोर बसून चहा पीत होता. त्याने विचारलं, "काय झालं?"

मी म्हणालो, काही नाही. साखर कमी पडली का, ते विचारलं आणि आत जाऊन डबा आणला.